शिवलेली पाने

मयताची पोथी घरात ठेवत नाहीत, म्हणून खुशालरावांची पोथी गोठ्याच्या माळ्यावर असायची. लाल फडक्यात बांधलेली, त्यावर प्लास्टिकची पिशवी, पिशवीवर विटेचा तुकडा. दर्यापूरहून अकोल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या त्या गावात माणूस गेलं की बोलावणं यायचं, आणि खुशालराव हातपाय धुऊन, शिडी लावून पोथी उतरवायचे. दहा दिवस त्या घरी वाचायचे. गेलेल्याचा जीव दहा दिवस घरातच असतो आणि ऐकतो, अशी समजूत. चाळीस वर्षं त्यांनी हे केलं. गावातली बहुतेक माणसं त्यांचा आवाज ऐकत गेली होती.

आता ते स्वतः गेले होते. माघातल्या एका सकाळी, आंघोळीचं पाणी तापत असताना, चुलीजवळच. गावात वाचणारं दुसरं कोणी नव्हतं, म्हणून अकोल्याहून केशवराव येत होते. तरुणपणी दोघं एकाच गुरूकडे पोथी शिकले होते. केशवराव रोज तीनच्या एसटीनं यायचे, ओसरीवर बसून आपली छापील पोथी उघडायचे आणि दिवेलागणीच्या आत संपवून सहाच्या गाडीनं परत जायचे. त्यांचा आवाज कोरडा होता. तलाठ्यानं सातबारा वाचावा तसे ते वाचत.

साधना खांबाला टेकून ऐकायची. ती अमरावतीला कॉलेजात मराठी शिकवत होती, सत्तेचाळीस वर्षांची होती आणि ही पोथी आयुष्यात पहिल्यांदाच ऐकत होती. एकोणीस वर्षांपूर्वी तिचा धाकटा भाऊ कुलदीप अकोल्याच्या भाड्याच्या खोलीत स्वतःच्या हातानं गेला. तिसऱ्यांदा परीक्षेचा निकाल लागला त्या आठवड्यात. त्याला घरी आणलं, अग्नी दिला, आणि तिसऱ्या दिवशी बाबांनी गोठ्याला शिडी लावली. तेव्हा साधनानं बॅग भरली. "याच घरात, त्याच्याच मागं तुम्ही नरक वाचणार?" ती ओरडली होती. "कोणी लिहिलं हे? माणसाला भेववायला कोणीतरी लिहिलं आणि तुम्ही ते घरोघर नेऊन पोचवता." बाबा शिडीवर होते, पाठमोरे. ती गेली, आणि त्यानंतर बाप-लेकीत पोथीचा विषय कधी निघाला नाही. खरं तर फारसा कोणताच निघाला नाही.

चौथ्या दिवशी वाचन संपवून केशवराव म्हणाले, "उद्या नरकांचे अध्याय. ज्याला बसवत नसेल त्यानं घरी थांबावं. मी काही गाळत नाही."

माणसं उठली. साधना आईसोबत स्वयंपाकघरात गेली. आशाबाई भिंतीला टेकून बसल्या. चार दिवसांत त्या कमी बोलल्या होत्या, रडल्या त्याहून कमी.

"उद्या आपल्या कुलदीपचं येईन," त्या म्हणाल्या.

"कुलदीपचं काय येईल, आई?"

"पोथीत. तू नव्हती तवा. तुहे बाबा वाचून रायले होते, अन् मी आतून आयकत होती. जो आपल्या हातानं जाते, त्याले यमदूत हात नाई लावत. नदीच्या अलीकडं एक निंबाचं झाड हाये, त्याच्या सावलीत त्याले बसवतेत. त्याची माय येईपर्यंत तो तिथंच रायते." आशाबाईंनी पदरानं ओठ पुसले. "माय आली की तो उठून उभा रायते. अन् ती त्याले वळखते. हे आयकलं त्या दिवशी मी भाकर खाल्ली. नाई तं मी खात नव्हती."

साधनानं धर्मग्रंथांबद्दल बरंच वाचलं होतं. कडुनिंबाच्या सावलीत आईची वाट पाहायला बसवणारी पोथी तिच्या वाचनात कधी आली नव्हती.

"केशवरावचा आवाज काही गोड नाई," आशाबाई म्हणाल्या. "पन चालते. अक्षर तं तेच हाये."

बाहेर ओसरीच्या पायरीवर अजून एक बाई बसून होती. भागीरथाबाई. जानरावची विधवा, सत्तरीच्या पुढची, हाडाला कातडी चिकटलेली. चारही दिवस ती दारापाशी बसली होती, आत आली नव्हती.

"साधने, इकडं ये वो," तिनं हाक मारली. "तू शिकलेली हायेस. एक विचारू? तुह्या बापानं मह्या घरी जे वाचलं, ते पान खरंच हाये का पोथीत?"

"कोणतं पान, काकू?"

"पयले जानराव मले कुठं जाऊ देत नव्हता; गेल्या अठरा वर्सांत मी या गावातल्या प्रत्येक मयताले बसली. सगळीकडं निंबाचं झाड आयकलं. फकस्त मह्या घरी निराळं वाचलं. आसऱ्याले आलेल्या बाईले छळनाऱ्याले तेलात टाकतेत. दार लावनाऱ्याचे हात जाळतेत. खुशालरावनं ते तीन डाव वाचलं, मह्याकडं पाहून. अकरा वर्सं झाले. कढईत भजे टाकले की मले तेच दिसते." ती हसली, पण ते हसू ओठांच्या वर गेलं नाही. "मले वाटते, त्यानं ते आमच्यासाठीच बनवलं. जानरावचा राग होता त्याले. तू पाहून सांग. मले आता जास्त दिवस नाईत."

जानरावचा राग कोणाला नव्हता. तेवीस वर्षांपूर्वी त्याची सून माधवी विहिरीत सापडली. बावीस वर्षांची मुलगी. तिच्या पाठीवरचे वळ बायकांनी आंघोळ घालताना पाहिले होते. पंचनाम्यात मात्र 'पाय घसरून' असं आलं, आणि पंच म्हणून त्याखाली सही होती ती खुशालरावांची. त्या सहीवरून साधना बापाशी पहिल्यांदा भांडली होती. "गावात राहायचं हाये मले," एवढंच ते म्हणाले होते. जानराव पुढं बारा वर्षं जगला, त्यातली पाच सरपंच म्हणून.

"पाहून सांगते," साधना म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनंच गोठ्याला शिडी लावली. चुलत भाऊ गजेंद्र खालून ओरडला, "ताई, वीट पडंल डोक्यावर! मी चढतो न." तिनं ऐकलं नाही. लाल फडक्याला बाबांच्या तंबाखूचा वास होता. ती तिथंच कडब्याच्या पेंढीवर बसली.

पोथीची मधली पानं उघडेनात. आधी तिला वाटलं, ओल लागून चिकटली असतील. मग दोरा दिसला. गोधडीला घालतात तसे बारीक धावदोऱ्याचे टाके, पानांच्या तिन्ही कडांनी. चार पानं अशी मिटवून टाकलेली. बाबांना बटण लावता येत नव्हतं, त्यासाठी ते आईला हाक मारायचे. हे टाके वाकडे होते आणि एकेका टाक्याला दोनदा सुई घातलेली होती.

टाक्यांच्या आधी वहीचा एक आखीव कागद ठेवला होता. बाबांच्या अक्षरात, पोथीच्या भाषेत:

'जो आपुले हाते जाय, तयासि यमदूत न शिवती. नदीचे अलीकडे निंबवृक्ष आहे, तयाचे सावलीस तो बैसे. माता येईतो तेथेचि असे. माता येता उठोन उभा राहे, आणि ती तयासि ओळखे.'

'ओळखे'च्या आधी दोन शब्द खोडले होते. तिथं आधी काहीतरी दुसरं लिहायचा विचार होता. साधना वर्गात मुलांना हस्तलिखितांमधले प्रक्षेप शिकवायची. मूळ पाठात नंतर कोणीतरी घुसवलेल्या ओळी कशा ओळखायच्या, कागद, शाई, भाषेचं वळण. ती नेहमी म्हणायची, घुसवणाऱ्याचा हेतू शोधा, म्हणजे तो सापडतो. इथं शोधण्यासारखं काही नव्हतं. चाळीस वर्षं नरक वाटत फिरणारा म्हणून तिनं ज्याच्याशी बोलणं तोडलं, तो माणूस घरोघर नरक शिवून नेत होता.

मग तिला दिसलं की कडेला भोकं दुहेरी आहेत. दोरा एकदा उसवून परत घातला होता. तिनं कागद उलटा केला. मागं पेन्सिलीनं लिहिलं होतं: 'जानरावच्या घरी दोरा काढला. सर्व वाचले. माझेही.'

माझेही म्हणजे काय, हे तिला लगेच कळलं नाही. तिनं शिवलेल्या पानांच्या फटीत बोट घालून उजेडात डोकावून पाहिलं. उलट्या सुलट्या ओळी जुळवत वाचलं. स्वतःच्या हातानं जाणारे. आश्रितेला छळणारे. हाक आली असता दार लावणारे. आणि पहिल्याच शिवलेल्या पानावर, खोटी साक्ष देणारे. त्यांना शंभर योजनं उंचीवरून डोकं खाली करून ढकलतात, आणि खाली दगड असतो, आणि ते मरत नाहीत. त्या पानाच्या कोपऱ्यात तारीख होती. कुलदीपच्या आधीची, चार वर्षं आधीची. विहिरीच्या पंधरवड्यातली.

म्हणजे पहिला टाका त्यांनी स्वतःसाठी घातला होता. कुलदीपचं पान नंतर आलं, आणि मधली दोन त्यांच्याबरोबर मिटली. दयेची सुरुवात अशी झाली होती. आणि एकदाच, जानराव मेल्यावर, ज्याच्यासमोर जिवंतपणी सही केली त्याच्या ओसरीवर बसून, त्यांनी सगळी पानं मोकळी केली आणि साऱ्या गावासमोर आपलाही दगड वाचून दाखवला. गावाला ते कळलं नाही. भागीरथाबाईला वाटलं, तिच्याकडे पाहून वाचतात.

कथाकादंबऱ्यांतल्या दुष्ट माणसांबद्दल साधनानं कितीतरी तास घेतले होते. लेखक त्याला कारण देतो, धर्म त्याला शिक्षा देतो, असं एक वाक्य ती दरवर्षी फळ्यावर लिहायची आणि मुलं ते उतरवून घ्यायची. जानरावसाठी तिला कधी कारण सापडलं नव्हतं. बाबांसाठी सापडत होतं, आणि ते सापडून काही उपयोग नव्हता.

तीनच्या गाडीवर ती केशवरावांना गाठायला फाट्यावर गेली. उन्हात दोघं चालत आले. तिनं सगळं सांगितलं.

"मला माहीत होतं," केशवराव म्हणाले.

"तुम्हाला?"

"खुशालनं सांगितलं होतं. दहा-बारा वर्षं झाली. मी त्याला म्हटलं, तू चूक करतोस. तो म्हणाला, केशव, तुझ्या घरून असं कोणी गेलं नाही." ते थांबले, चष्मा पुसला. "हे पाहा ताई. मी आहे तसं वाचतो. मला आवडतं म्हणून नाही. पण मी कोणाला सोडत नाही आणि कोणाला धरतही नाही. त्यानं निवडलं. याला झाड, त्याला कढई. माणसानं निवडायला लागलं की तो आपल्या लोकांना झाड देतो."

"आज ती पानं वाचू नका, काका. आईसाठी."

"वाचायला बसलो तर वाचणारच." थोडं चालून ते म्हणाले, "तुम्ही वाचा. लेकीला हक्क आहे. मी बाजूला बसतो. पण माझ्या तोंडातून ते झाड यायचं नाही."

म्हणून पाचव्या दिवशी साधना वाचायला बसली, बापाच्या पोथीतून. ओसरी भरली होती. आशाबाई चार दिवसांत पहिल्यांदा बाहेर येऊन, चटईच्या पुढच्या कडेला बसल्या. भागीरथाबाई दारात. साधनाचा आवाज सुरुवातीला वर्गातला होता, मग खाली आला. शिवलेल्या पानांपाशी पोचल्यावर तिनं वहीचा कागद पोथीच्या आड धरला आणि वाचलं. आईकडे न पाहताही तिला कळत होतं की आईचे ओठ हलताहेत. 'आणि ती तयासि ओळखे' हे आईनं तिच्या आधी म्हटलं.

ती पुढच्या अध्यायावर जाणार, तेवढ्यात दारातून आवाज आला.

"अन् मह्या घरचं?"

सगळ्यांनी वळून पाहिलं.

"तू पाहतो म्हनली होती, साधने. हाये का नाई ते सांग. एवढ्या मानसांत सांग."

हो म्हटलं, तर पुढचा प्रश्न ठरलेला होता: मग ते बाकीच्यांच्या घरी काहून नाही वाचलं, खुशालरावनं काय काय लपवलं? आणि पोथी हातोहात फिरली असती, आणि दोरा आईच्या डोळ्यांपुढं आला असता. साधनाला एवढंच दिसलं. आईचं झाड.

"नाही, काकू," ती म्हणाली. "ते पोथीत नाही. बाबांनी आपल्या मनानं लावलं होतं."

केशवरावांनी मान खाली घातली.

भागीरथाबाईनं दोन्ही हातांनी चौकट धरली. आधी तिचा चेहरा कोराच राहिला. मग तो मोकळा होत गेला, इतका की ती क्षणभर तरुण दिसली.

"नाई न? मी म्हनत होती." ती शेजारणीकडे वळली, मग परत आत. "मंग कडीचं बी काही नाई. ती दारावर हात मारून रायली होती, आत्याबाई, आत्याबाई म्हनून. मीच लावली होती आतून. जानरावनं म्हटलं लाव, तं लावली. मंग ती तशीच गेली विहिरीकडं. त्याचं बी काही नाई." तिनं हात जोडले. "सुखी राय, बाई. खुशालरावले देव माफ करो."

ती उठून गेली. चप्पल घालायला तिनं कोणाचा आधार घेतला नाही. साधनानं राहिलेला अध्याय वाचला. काय वाचलं ते तिला आठवलं नाही.

दिवेलागणीला आशाबाईंनी तिला हाक मारली. "पोथी आन इकडं."

"घरात?"

"आन."

आशाबाईंची शाळा दुसरीपर्यंतची. त्यांनी पोथी मांडीवर घेतली आणि डोळ्यांऐवजी बोटांनी पाहू लागल्या. पानं एकेक करून. वहीच्या कागदापाशी बोटं थांबली. तो गुळगुळीत होता, पोथीचा कागद खरबरीत. मग बोटं दोऱ्यावर गेली. टाक्याटाक्यांवरून फिरली.

"हे त्यायचे टाके हायेत," त्या म्हणाल्या. "सुई मागतली होती मले. म्हटलं कायले पाह्यजे, तं म्हने गोनपाट शिवाचं हाये."

"आई..."

"कढईचं त्यायनं लावलं, असं तू म्हनली. जो एक लावते, तो दुसरं बी लावते. मी अडानी हावो, येडी नाई." त्यांचा आवाज चढला नाही. "शिवलं ते कढईचंच न? ते खरं हाये न?"

साधनाला अजून एकदा खोटं बोलता आलं असतं. आईचं बोट टाक्यावर होतं.

"हो."

"अन् झाड?"

साधनानं वहीच्या कागदाकडे पाहिलं. आशाबाईंनी वहीचा कागद काढला, चार घड्या घातल्या आणि चोळीत ठेवला.

"ते लेकरू दार वाजवत होतं," त्या म्हणाल्या. "बावीस वर्साचं. आपला कुलदीप वीस वर्साचा होता. तिले कोनी झाड नाई लिवलं." मग, "उद्या केशवरावले वाचू दे. त्यायच्या पोथीतलं. भागीरथेले बलाव, तिच्यासमोर वाचू दे."

"ते सगळं वाचतील, आई. कुलदीपचंही."

"मी बसीन."

सहाव्या दिवशी गजेंद्र भागीरथाबाईला बोलवायला गेला आणि एकटाच परत आला. "ती म्हनते, मी आयकलं काल. आता कायले येऊ? भजे तळून रायली, ताई. मलेबी देल्ले." त्याच्या हातात वर्तमानपत्राचा तेलकट तुकडा होता. तो कुठं टाकावा हे त्याला कळेना.

दारातली जागा रिकामी होती. केशवरावांनी आशाबाईंकडे पाहिलं.

"वाचा," त्या म्हणाल्या.

त्यांनी कालचे अध्याय पहिल्यापासून वाचले. खोटी साक्ष देणाऱ्यांचं आलं, तेव्हा साधनानं भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोकडे पाहिलं नाही. आश्रितेला छळणाऱ्यांचं आलं, दार लावणाऱ्यांचं आलं, आणि ते ऐकायला ज्यांनी यायला हवं होतं त्यांतलं कोणीच तिथं नव्हतं. मग स्वतःच्या हातानं जाणाऱ्यांचं पान आलं. केशवरावांचा कोरडा आवाज पहिल्यांदाच अडखळला.

"थांबू नका," आशाबाई म्हणाल्या.

त्यांनी वाचलं. अंधार किती, वर्षं किती, तहान कशी, सगळं. आशाबाई ताठ बसून होत्या. त्यांचा उजवा हात चोळीवर होता, तिथं कागदाच्या घडीचा कोपरा दिसत होता. पान उलटलं गेलं, पुढचं सुरू झालं आणि संपलं.

माणसं उठू लागली, तेव्हा त्या साधनाकडे झुकल्या.

"तिथं झाड नाई, असं लिवलं हाये का?"

साधनानं केशवरावांच्या हातातली पोथी मागून घेतली. ते पान काढलं आणि सगळं वाचलं, वरपासून खालपर्यंत, दोनदा.

"असं लिहिलं नाही," ती म्हणाली. "पण आहे, असंही नाही लिहिलं."

आशाबाईंनी मान हलवली. केशवराव पोथी परत घ्यायला हात पुढं करून उभे होते. त्यांची सहाची गाडी होती.